विरोधात एक

पाळकसाहेब, रविवारी हात वर केला तो मीच.
बाकीचे सगळे बाजूने. तुम्ही मोजलंही नाहीत,
नुसतं म्हणालात, "विरोधात एक, नोंद घ्या,"
आणि सेक्रेटरी अमोस लोखंड्यांनी
माझं नाव चुकीचं लिहिलं.
शिफ्रा सुमंत रणपिसे. शि ऱ्हस्व.
छत्तीस वर्षं मिशनच्या शाळेत मराठी शिकवलं,
त्यांनाही शिकवलं,
निदान तेवढं तरी.

ठराव चांगलाच होता. सगळेच चांगले असतात.
हवामान-न्याय, लिंगभाव, सर्वसमावेशक मंडळी.
वरून कागद येतो,
इंग्रजीतून आणलेला, उलटी शिवण दिसणारा,
आणि आपण म्हणतो, आमेन.

पूर्वी पापाला नाव असायचं.
दारू. खोटं वजन. भावाशी बांधावरून खटला.
हळद बाजारात तोलाई करणारे दाविदमामा
उपदेश चालू असताना खाली बघायचे
आणि सोमवारी काटा बरोबर असायचा.
आता पाप व्यवस्थेचं.
व्यवस्था रविवारी येत नाही,
कुठल्या बाकावर बसते माहीत नाही,
तिला खाली बघायला कोण लावणार?
आपण मात्र इस्त्रीच्या कपड्यांत निर्दोष
घरी जातो, मटण शिजायला टाकतो.

सुमंत अंथरुणाला खिळले ते अकरा आठवडे.
प्रभुभोजन घरी आणाल म्हणून
दर शनिवारी मी पांढरा टेबलक्लॉथ काढून ठेवायची.
तुम्ही नागपूरला होतात, मग पुण्याला,
'शेवटच्या माणसापर्यंत' या विषयावर शिबिर होतं.
मी हसले नाही.
सुमंत हसले. त्यांना खोकला आला.

महापुराच्या वर्षी
आयर्विन पुलाची पातळी तासातासाला सांगत होते,
तेव्हा चर्चचं दार कुणी उघडलं, कुणाला विचारून,
आजवर कळलेलं नाही.
बाकांवर बायका झोपल्या, पायरीशी कुणाची तरी म्हैस,
बाप्तिस्म्याच्या पात्रात एका बाळाचं दूध गार करत ठेवलेलं.
ते बाळ कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं,
विचारायची शुद्ध कुणाला होती.
इतिवृत्तात त्या आठवड्याचं पान कोरं आहे.
मी जाऊन बघून आले.

तरी एक गोष्ट मला झोपू देत नाही.
माझे आजोबा तासगावकडच्या एका गावाच्या
कुसाबाहेरून इथे आले, हलगी खांद्यालाच.
त्यांच्यासोबत एकाच प्याल्यातून
द्राक्षरस घ्यायचा की नाही,
यावर तीन महिने वाद चालला म्हणे.
तोही एक ठरावच होता. वरून आलेला.
परक्या मराठीतला.
विरोधात कुणी हात वर केला असेल ना?
एखादी भली बाई, ऱ्हस्व-दीर्घ जाणणारी,
म्हणाली असेल, आधी आजाऱ्यांना भेटा,
हे नंतर बघू.
तिचं नाव जुन्या वहीत असेल.
ते मात्र मी बघितलं नाही.

गेल्या वर्षी पर्यावरण रविवारी
दफनभूमीत चाळीस रोपं लावलीत.
फोटोत मागे मी आहे, डोळे मिटलेली.
सुमंतांकडे जाते तेव्हा घरून पाण्याचा डबा नेते,
फरशी धुऊन उरलेलं जवळच्या रोपांना घालते.
तीन जगलीत.
दोन कडुनिंब, तिसरं काय ते ओळखू येत नाही,
पानं सीताफळासारखी, पण वास नाही.
बाकीच्या सदतीस काठ्या उभ्या आहेत,
देणगीदारांच्या पाट्यांसकट.

तर माझं मत आहे तसंच ठेवा.
नाव तेवढं दुरुस्त करून घ्या.
आणि फाटकाजवळचा नळ फेब्रुवारीपासून बंद आहे,
तो कुणाच्या सहीने सुरू होतो ते कळवा.
डबा आता जड होतो,
आणि उन्हाळा अजून दीड महिना आहे.